डेलिंक्वेन्सी म्हणजे नेमकं काय? बँकेच्या पत्रात हा शब्द आलाय आणि बाबांनी धसका घेतलाय

कराडची_लेक
नमस्कार. प्रश्न एका शब्दाचाच आहे पण घरात त्यावरून फार झालंय म्हणून जरा सविस्तर लिहिते, समजून घ्या.

धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगसाठी एज्युकेशन लोन काढलं होतं, त्यात बाबा सहकर्जदार आहेत. कोर्स संपून वर्ष झालं, हप्ते सुरू झाले, भाऊ पुण्याला असतो. मागच्या आठवड्यात बाबांच्या नावाने बँकेचं इंग्रजी पत्र आलं, त्यात ‘डेलिंक्वेन्ट अकाउंट’ असं ठळक अक्षरात आणि खाली दोन ठिकाणी ‘डेलिंक्वेन्सी’. बाबा एसटीत कंडक्टर होते, इंग्रजी वाचतात पण असले शब्द कुठून माहीत असणार, म्हणून त्यांनी आमच्या शाळेच्या वेळची जाडी डिक्शनरी काढली. त्यात अर्थ दिलाय, गुन्हेगारी, विशेषतः अल्पवयीन मुलांची. झालं. त्यांनी ते पत्र घडी करून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून दिलं आणि कुणाला काही बोललेच नाहीत. दोन दिवस आई म्हणत होती की हे नीट जेवत नाहीयेत, मग रात्री अकराला मला फोन, आवाज अगदी बारीक, “पोराचं नाव पोलिसात गेलंय का गं?”

ज्या माणसाने तीस वर्षं रोज रात्री डेपोत पैशाची पिशवी मोजून दिली आणि रुपया कमी पडला तर खिशातून घातला त्याला हे वाचून काय वाटलं असेल. भावाला विचारलं तर म्हणाला दोन हप्ते गेले नाहीत, पगाराचं खातं बदललं आणि जुन्या खात्यात पैसेच नव्हते, त्याला वाटलं बँक आपोआप नव्या खात्यातून घेईल.

तर मला विचारायचंय की हा शब्द नक्की कशासाठी वापरतात? हप्ता राहिला तर गुन्हा होतो का? आणि मराठीत याला साधा सरळ शब्द काय, जो मी बाबांना सांगू शकेन?

नाशिककर_८४
ताई, आधी बाबांना फोन करा आणि सांगा की पोलिसाचा काही संबंध नाही, मग पुढचं वाचा.

मी अकरा वर्षं कर्जवसुलीच्या कामात आहे, आमच्याकडे हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. बँकेच्या भाषेत डेलिंक्वेन्सी म्हणजे ठरल्या तारखेला हप्ता आला नाही, बास. एक दिवस उशीर झाला तरी खातं त्या अर्थाने डेलिंक्वेन्ट. आम्ही आपसात बोलताना ‘केस कितव्या बकेटला आहे’ असं विचारतो, म्हणजे १ ते ३० दिवस पहिली बकेट, ३१ ते ६० दुसरी, ६१ ते ९० तिसरी. रिझर्व्ह बँकेने याच टप्प्यांना एसएमए (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे लक्ष ठेवायचं खातं) शून्य, एसएमए एक आणि एसएमए दोन अशी नावं दिलीत. ९० दिवसांच्या पुढे गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज. तुमचे दोन हप्ते राहिलेत म्हणजे साधारण दुसरी बकेट, अजून हातात आहे, पण तिसरा चुकू देऊ नका. कारण एकदा एनपीए झालं की नुसता एक हप्ता भरून खातं परत सरळ होत नाही, सगळी थकबाकी शून्य करावी लागते तेव्हाच ते रेग्युलर धरतात.

लोक डिफॉल्ट आणि डेलिंक्वेन्सी एकच समजतात, बोलताना चालतं पण कागदावर फरक आहे. डेलिंक्वेन्सी म्हणजे हप्ता मागे पडलाय, अजून भरून पुढे जाता येतं. डिफॉल्ट म्हणताना करार मोडला, आता बँक पूर्ण रक्कम एकदम मागू शकते इथपर्यंत गोष्ट आलेली असते. प्रत्येक बँकेच्या करारात याची व्याख्या वेगळी असते म्हणून तुमचा करार काढून बघाच.

आता गुन्ह्याचं. हप्ता राहणं हा फौजदारी गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. पण एक गोष्ट लपवणार नाही, पुढे तारखा टाकलेला चेक दिला असेल आणि तो पैशाअभावी परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ लागू शकतं, आणि खात्यातून आपोआप कापायला सही दिली असेल आणि ते बाउन्स झालं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे. त्यातही आधी लेखी नोटीस येते, पैसे भरायला १५ दिवस मिळतात, भरले की विषय संपतो. शैक्षणिक कर्जाच्या दोन हप्त्यांसाठी मी माझ्या आयुष्यात कुणाला कोर्टात गेलेलं पाहिलं नाही. भावाला सांगा आजच बँकेत जाऊन नव्या खात्याचं मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची लेखी परवानगी, करून दे, जुनं खातं बंद झालं तरी मॅन्डेट आपोआप सरकत नाही, ही चूक नवीन नोकरीला लागलेली निम्मी पोरं करतात.

आणि वसुलीवाल्याचा फोन आला तर घाबरायचं नाही, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायची परवानगी नाही.

कराडची_लेक
दादा खूप आभार, लगेच फोन केला बाबांना. ते म्हणाले “मग गुन्हेगार कशाला लिहिलंय?” याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मेधा_म
कारण डिक्शनरीने एका शब्दाचे तीन संसार एकाच ओळीत कोंबलेत. मी भाषांतराचं काम करते, या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे म्हणून लिहिते.

मूळ लॅटिन आहे, डेलिंक्वेरे. त्यातला लिंक्वेरे म्हणजे सोडणं, मागे टाकणं. डेरेलिक्ट, रेलिक हे इंग्रजी शब्द त्याच घरातले, टाकून दिलेलं, मागे उरलेलं. म्हणजे या शब्दाच्या पोटात काहीतरी करायचं होतं ते राहिलं एवढंच आहे. हातून वाईट घडलं ही छटा नंतर वर चढली. म्हणूनच तो हप्ता राहिलेल्या माणसाला लागतो, काम टाळलेल्या नोकरदाराला लागतो आणि वाट चुकलेल्या पोरालाही लागतो.

आणि आपल्याकडे याला तंतोतंत शब्द आहे, कसूर. तो अरबीतून फारसीच्या वाटेने आला, मूळ धातूचा अर्थ कमी पडणं, आखूड असणं. ‘कर्तव्यात कसूर केली’ म्हणतो तेव्हा आपण हेच म्हणत असतो की जेवढं करायचं होतं तेवढं पुरं पडलं नाही. कसूर करणारा गुन्हेगार असेलच असं नाही. फोनवरची भाषांतराची ॲप मात्र डेलिंक्वेन्सी दिसला की गुन्हेगारी टाकून मोकळी होतात. एका पतसंस्थेच्या अहवालाचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं, त्यात ‘यंदा संस्थेची गुन्हेगारी कमी झाली’ असं वाक्य होतं. सभासदांपुढे ते तसंच गेलं असतं तर काय झालं असतं सांगा.

कर्जाच्या बाबतीत मराठीत उत्तम शब्द आहे तो म्हणजे थकणं. हप्ता थकला, भाडं थकलं, पाणीपट्टी थकली. आपण माणसाच्या दमण्याला आणि पैशाच्या राहण्याला एकच क्रियापद वापरतो हे मला फार आवडतं, त्यात दोष द्यायचा सूरच नाही. बाबांना एवढंच सांगा, “हप्ता थकलाय.” त्यांना लगेच कळेल.

अव्वल_कारकून
मेधाताई, कसूर शब्दाबद्दल शंभर टक्के सहमत. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, शेवटची नऊ वर्षं आस्थापना शाखेत होतो, विभागीय चौकशीच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. सरकारी मराठीत डेलिंक्वेन्टला शब्द ठरलाय, अपचारी. महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम १९७९, त्यातल्या नियम ८ खाली मोठ्या शिक्षेची चौकशी लागली की दोषारोपपत्र निघतं, सोबत जोडपत्र एक ते चार, आणि त्या क्षणापासून फायलीत तो माणूस ‘अपचारी कर्मचारी’ होतो. समोर चौकशी अधिकारी, सरकारच्या बाजूने सादरकर्ता अधिकारी, आणि मधे अपचारी.

माझं म्हणणं इथेच आहे. अजून साक्ष झालेली नाही, त्याचं म्हणणं ऐकलेलं नाही आणि नाव मात्र आधीच पडलंय. आणि या शब्दाने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एक शिपाई होता, बायकोच्या आजारपणात न सांगता ४१ दिवस गैरहजर. नोटीस घरी गेली. घरात वाचणारं कुणी नव्हतं म्हणून शेजारच्या मुलाने वाचून दाखवली, अपचारी हा शब्द त्या पोराला माहीत नव्हता, त्याला वाटलं हे व्यभिचारीसारखं काहीतरी असणार आणि त्याने तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस माझ्या टेबलासमोर उभा, हातात ती नोटीस चुरगळलेली, म्हणाला “भाऊसाहेब, मी कामावर आलो नाही हे खरं, पण हे असलं काही मी केलेलं नाही, बायकोला तुम्ही समजावून सांगा.” मी त्याच्या बायकोशी फोनवर बोललो. नंतर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक पत्रात, जिथे नियमाने भाग पडत नव्हतं तिथे, मी ‘संबंधित कर्मचारी’ असंच लिहिलं. त्या शिपायाची शेवटी एक वेतनवाढ रोखली, एवढीच त्याची कसूर होती.

एडिसनकर
मी २००६ पासून न्यू जर्सीत आहे, इकडे हा शब्द इतका रोजचा आहे की कुणी दचकत नाही. पाण्याचं बिल राहिलं, डेलिंक्वेन्ट. घरपट्टी राहिली, डेलिंक्वेन्ट. इथे प्रॉपर्टी टॅक्स वर्षातून चारदा, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. बहुतेक गावं १० दिवसांची सवलत देतात, त्यानंतर पहिल्या १५०० डॉलरवर ८ टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, आणि तेही मूळ तारखेपासून.

आमचं गृहकर्ज एका कंपनीने दुसरीला विकलं, त्या गडबडीत टॅक्स कुणीच भरला नाही आणि आम्हाला टाउनशिपचं पत्र आलं, अगदी तुमच्या बाबांसारखंच. माझी सासू तेव्हा इथे आली होती, तिला मी अर्थ सांगितला तर म्हणाली “मग असं म्हण ना की पट्टी तुंबलीये.” आमच्या कोल्हापूरकडे तुंबली म्हणतात.

एक फरक आहे, इथे मुलांच्या कोर्टात हाच शब्द मुद्दाम वापरतात. १८ च्या आतल्या मुलाला दोषी ठरवलं असं म्हणत नाहीत, त्याला ‘डेलिंक्वेन्ट ठरवलं’ म्हणतात, म्हणजे शिक्षा झालेला गुन्हेगार हा शिक्का लागू नये म्हणून.

मुलांसोबत
एडिसनकर, तुम्ही शेवटी जे लिहिलंत तिथूनच मला सुरुवात करायचीये, कारण माझं काम याच मुलांबरोबर आहे. बाल न्याय मंडळासमोर येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल करायचा, आईबापांशी बोलायचं, निरीक्षणगृहात मुलांना भेटायचं, असं चौदा वर्षं चाललंय.

हा शब्द मुलांना लागला तो मुळात दयेपोटी. १८९९ मध्ये शिकागोला मुलांसाठीचं पहिलं वेगळं कोर्ट सुरू झालं, त्या कायद्याच्या नावातच निराधार, दुर्लक्षित आणि डेलिंक्वेन्ट मुलं असं होतं. तोवर दहाबारा वर्षांची पोरं मोठ्यांच्याच तुरुंगात जात होती, त्यांना गुन्हेगार म्हणायचं नाही म्हणून हा तुलनेने सौम्य शब्द घेतला. आपल्याकडे १९८६ चा बाल न्याय कायदा आला त्यातही दोनच खाने, दुर्लक्षित आणि डेलिंक्वेन्ट. पण तोवर शब्दाचा सौम्यपणा झिजून गेला होता, डेलिंक्वेन्ट म्हटलं की लोकांना सराईत पोरगाच दिसायचा. म्हणून २००० च्या कायद्यात तो काढला आणि त्याजागी कायद्याशी संघर्ष झालेला मूल अशा अर्थाचा शब्द आला, २०१५ च्या कायद्यातही तेच आहे. मराठीत त्याचं झालं विधिसंघर्षग्रस्त बालक, पोलिसांच्या बातमीत तुम्ही विधिसंघर्षित बालक असंही वाचलं असेल. २०१५ च्या कायद्याच्या तत्त्वांमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की मुलाच्या बाबतीत कुठल्याही कामकाजात आरोप करणारे, डाग लावणारे शब्द वापरायचे नाहीत. शब्दांसाठी कायद्यात वेगळं तत्त्व, विचार करा किती नुकसान झालं असेल तेव्हा ते लिहावं लागलं.

पण खरं सांगू का, विधिसंघर्षग्रस्त हा शब्दही कुणाला कळत नाही. पंधरा वर्षांचा एक मुलगा होता, मित्राने आणलेल्या चोरीच्या गाडीवर मागे बसला आणि दोघे पकडले गेले. त्याची आई चार घरची धुणीभांडी करायची. मंडळाच्या बाहेर बाकावर बसून तिने मला तो कागद दाखवला, त्या लांबलचक शब्दावर बोट ठेवून म्हणाली “ताई हा रोग आहे का?” ग्रस्त दिसलं ना तिला, क्षयग्रस्त, कर्करोगग्रस्त असतं तसं. मी म्हणाले नाही हो, पोरगं कायद्याच्या कचाट्यात सापडलंय एवढाच अर्थ. तिने दोनदा मान हलवली, “सापडलंय” असं स्वतःशीच म्हणाली आणि तो कागद पदराच्या टोकात बांधला.

तो मुलगा आता डिलिव्हरीचं काम करतो. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी लागली तेव्हा पुन्हा तीच आई माझ्याकडे आली, आता सगळं बाहेर येणार म्हणून रडत होती. येत नाही. प्रकरण निकाली निघालं असेल तर पोलिसांनी त्या दाखल्यासाठी मुलाची नोंद उघड करायची नाही असं २०१५ च्याच कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे, आणि कलम २४ प्रमाणे त्या नोंदीमुळे पुढे कुठली अपात्रताही येत नाही. १६ वर्षांवरच्या मुलाने अगदी गंभीर गुन्हा केला आणि मोठ्यांसारखा खटला चालला तर तिथे वेगळं आहे, बाकी मुलांना हे संरक्षण आहे आणि ते त्यांच्या आयांना कुणी सांगत नाही.

तेव्हा कराडच्या ताई, तुमच्या बाबांनी डिक्शनरीत जो अर्थ वाचला तो मुलांसाठीसुद्धा आता कायद्याने टाकून दिलाय.

पिंपळगावचा
इथे एकाने हिंदी पेपरात बाल अपचारी लिहितात तसं आपणही लिहावं असं मागे एका धाग्यात म्हटलं होतं. अव्वल कारकून काकांचा अनुभव वाचल्यावर नकोच वाटतंय. आमच्या गावात असल्या पोराला उनाड म्हणतात, फार झालं तर वाया चाललेलं, आणि ‘चाललेलं’ म्हणजे अजून गेलेलं नाही.

सहकारातलं एक सांगतो, माझे वडील सोसायटीत सचिव होते. वार्षिक सभेच्या अहवालात डेलिंक्वेन्सी रेटला ‘थकबाकीचे शेकडा प्रमाण’ असं छापतात, वर्षानुवर्षं. थकबाकीदार हा शब्द आहेच. वसुली थांबलीच तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढतात. इतकी शब्दांची सोय घरात असताना बँका मराठी माणसाला मराठीत दोन ओळी का लिहीत नाहीत हा माझा खरा प्रश्न आहे.

नाशिककर_८४
@पिंपळगावचा मागितलं तर मिळतं भाऊ, पण मागावं लागतं. शाखेत लेखी अर्ज द्यायचा की पत्रव्यवहार मराठीत हवा. मी स्वतः पत्राच्या मागे पेनाने लिहून द्यायचो, ‘दोन हप्ते थकीत, अमुक रक्कम, अमुक तारखेपर्यंत भरा.’ त्यावर वसुली जास्त व्हायची, कारण माणसाला कळायचं की काय करायचंय.

कराडच्या ताई, हप्ते भरले की एक महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. असा रिपोर्ट देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात डीपीडी म्हणून रकाना असतो, महिन्यागणिक किती दिवस उशीर झाला ते दिसतं, वेळेवर असेल तर शून्य. बाबा सहकर्जदार आहेत म्हणजे त्यांच्याही रिपोर्टवर हेच उमटणार. राहिलेले दिवस पुसले जाणार नाहीत, पण पुढचे शून्य येत गेले की फरक पडतो. आणि भरूनही चुकीचं दाखवत असेल तर तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे.

कराडची_लेक
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. भावाने शनिवारी दोन्ही हप्ते आणि वरचं दंड शुल्क भरलं, नव्या खात्याचं मॅन्डेटही दिलं. तो घरी आला होता, बाबांसमोर बसला तेव्हा मान वर होत नव्हती त्याची. बाबा त्याला काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले पगार कधी होतो ती तारीख मला लिहून दे.

नाशिककर दादा, तुम्ही सांगितलंत तसं मी त्या पत्राच्या मागे मराठीत लिहिलं, “दोन हप्ते थकले होते. शनिवारी भरले.” बाबांनी ते चष्मा लावून वाचलं. मग थकले या शब्दावर थांबले आणि म्हणाले “एवढंच होतं होय.” पत्र रेशनकार्डाच्या पिशवीतून काढून कर्जाच्या फायलीत लावलंय, पावतीची झेरॉक्सही मागून घेतली. रिपोर्ट पुढच्या महिन्यात काढते, दोघांचाही.

मेधाताई, आई विचारतेय ती डिक्शनरी दुरुस्त करून घेता येते का. मी पेन्सिलीने त्या शब्दाच्या बाजूला ‘कसूर, थकणे’ लिहून ठेवलंय.